द्राक्षाच्या चोथ्याचं कंपोस्ट: टोमॅटोच्या ट्रेला चालतं, पण बेतानं

दिंडोरी तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. रोपांचे ट्रे भरायला आजवर फक्त कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरलं. ते यायचं तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडून, भाड्यासकट महाग पडायचं. आणि आमच्याच भागात दर हंगामात वायनऱ्यांच्या, म्हणजे वाइनच्या कारखान्यांच्या, मागे द्राक्षाच्या चोथ्याचे ढीग लागतात. तो चोथा कुजवून विकणाऱ्या एकाकडून यंदा चाळीस किलोच्या दहा गोण्या घेतल्या. खरिपाच्या टोमॅटोला वापरून झाल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या सहा गोण्यांचा माल उत्तम. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. मुठीत दाबला की गोळा होतो, बोटानं टोचलं की फुटतो. त्यात बिया दिसतात. आमच्या खायच्या थॉमसन द्राक्षाला बी नाही, पण वाइनच्या द्राक्षाला असतं आणि ते लवकर कुजत नाही. या बिया राहिल्या तर ९८ कप्प्यांच्या ट्रेचा एवढासा कप भरताना मध्येच पोकळी राहते. म्हणून चाळल्याशिवाय वापरू नका. आम्ही वाळूची बारीक चाळण लावली, गोणीमागे घमेलंभर चाळ निघाली. ती वाया नाही गेली, डाळिंबाच्या आळ्यात टाकली.

खरा प्रश्न क्षारांचा. द्राक्षाच्या चोथ्यात पालाश भरपूर. मोठ्या झाडाला ते हवंच असतं, पण कोवळ्या मुळाला भाजतं. एक भाग कंपोस्ट, पाच भाग पाणी घेऊन आमच्या ड्रिपच्या मीटरवर ईसी (क्षारांचं माप) पाहिला तर २.६ आला. गोणपाटावर पसरून दोनदा पाणी सोडलं, निथळू दिलं, मग १.१ वर उतरला. एवढं केल्यावरच ट्रे भरले.

तीन प्रकार करून पाहिले. नुसत्या कंपोस्टच्या ट्रेत ९८ पैकी ५७ उगवली, त्यातही बऱ्याच रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. नुसत्या कोकोपीटमध्ये ९३. आणि एक भाग कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट या मिश्रणात ९२. उगवण सारखीच, पण रोपात फरक पडला. मिश्रणातलं रोप बुटकं, जाड दांड्याचं, पान गर्द. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळपास नसतं, त्यामुळे त्या ट्रेंना एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत चार वेळा द्यावं लागलं, मिश्रणाला दोनदाच. बाविसाव्या दिवशी दांडा धरून उचललं तर मुळांचा गड्डा अख्खा बाहेर आला, पांढऱ्या मुळांनी विणल्यासारखा. लागवडीला नेणारे शेतकरी आधी तोच बघतात.

आता तक्रार. शेवटच्या चार गोण्या वेगळ्याच निघाल्या. गोणीत हात घातला तर आत कोमट. ट्रे भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, याला आंबूस वास येतोय, हे नका भरू." बरोबर होतं त्यांचं. माल कच्चा होता, अजून कुजतच होता. अशात बी टाकलं तर ते सडतं नाहीतर कोंब आखडतो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे गाडीत उन्हानं तापलं असेल. रात्रभर सावलीत ठेवूनही गोणी सकाळी तशीच कोमट होती. गोणीवर ढीग कधी लावला, किती वेळा पलटला, काहीच लिहिलेलं नाही. रोपवाटिकेला विकायचं असेल तर निदान तारीख छापायला हवी. एक ट्रे फुकट गेला तर बी जातंच, शिवाय शेतकऱ्याची लागवड आठवडाभर पुढे ढकलली जाते आणि बोल आम्हाला लागतो.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. बशीत ओलं कंपोस्ट पसरा, दुसऱ्या बशीत ओला टिपकागद, दोन्हीवर पंचवीस-पंचवीस अळिवाचे दाणे टाका. चार दिवसांत दोन्हीकडे सारखे कोंब आले तर माल पिकलेला. आमच्या त्या चार गोण्यांच्या बशीत सहाच दाणे फुटले, तेही काळ्या टोकाचे.

पैशाचं म्हणाल तर या मिश्रणात कोकोपीट एक तृतीयांश कमी लागलं. धुणं-चाळणं यात दोन बायांचा एक दिवस गेला, तो धरूनही परवडलं. टोमॅटोला मी पुन्हा घेईन, पण गोणी उघडून, हात घालून, वास घेऊन मगच पैसे देईन. मिरचीचं रोप ट्रेत पस्तीस-चाळीस दिवस राहतं, तिथे हे मिश्रण अजून लावलेलं नाही. त्या चार गोण्या शेडमागे ओतून गोणपाटाखाली ठेवल्यात, दर आठ दिवसांनी पलटतेय. वास गेलाय, मधोमध अजून थोडी ऊब लागते.