नुसते कार्बन बदलावेत की अख्खा रेग्युलेटर?

गाडीच्या अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं) चार्जिंग जातंय आणि दोष कार्बन ब्रशचाच, म्हणजे आत फिरणाऱ्या रोटरला घासत वीज पोहोचवणाऱ्या दोन तुकड्यांचा आहे, इथवर तुम्ही पोहोचलात असं धरून चालतो. म्हणजे बॅटरीचा लाल दिवा मधूनच मिणमिणतो, गाडीला हादरा बसला की विझतो, अल्टरनेटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं की मल्टिमीटरवरचा आकडा 12.3 वरून 14 च्या आसपास उडी मारतो. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गेल्यावर असं लहरी वागणं मला तरी कधी दिसलेलं नाही. आता प्रश्न एवढाच उरतो, की बाजारातून नक्की काय आणायचं. सुटे कार्बन, कार्बनसकट रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग), की ओव्हरहॉल केलेला पूर्ण अल्टरनेटर?

तिसरा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. पुली हाताने फिरवताना बेअरिंग खरखरत असेल किंवा स्लिप रिंगवर (कार्बन घासतात त्या रोटरवरच्या कड्यावर) नखाला लागेल अशी खोल चर पडली असेल, तर कार्बन बदलून फार दिवस निभत नाही आणि अल्टरनेटर बदलणंच बरं. तसं काही नसेल तर चांगलं चाललेलं यंत्र काढून, कोणी कसं उघडलं नि कसं मिटवलं हे माहीत नसलेलं दुसरं का बसवायचं? माझ्या अल्टरनेटरची बेअरिंग शांत होती, रिंगा फक्त काळवंडल्या होत्या, म्हणून मी त्या वाटेला गेलोच नाही.

खरी निवड पहिल्या दोघांत आहे. मी दोन्ही करून पाहिलंय, आधी सुटे कार्बन.

सुट्या कार्बनची बाजू भक्कम वाटते. झिजलेली वस्तू तेवढीच बदलायची, रेग्युलेटर ठणठणीत आहे तर तो टाकायचा कशाला? खर्चही नगण्य. पण कार्बन बसतात त्या होल्डरच्या पोटात जुनी तार काढून नवीला डाख (सोल्डर) द्यायचा असतो, आणि माझं सगळं तिथेच अडलं.

कार्बनच्या डोक्यातून तांब्याच्या बारीक तारांची विणलेली शेपटी निघते. ती स्प्रिंगमधून वर जाते, होल्डरच्या भोकातून बाहेर येते आणि पत्तीला डाखली जाते. शेपटी मऊ असणं हे तिचं कामच आहे. कार्बन झिजत जाईल तसतशी स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि शेपटीने मुकाट मागोमाग जायचं असतं. विणलेलं तांबं मात्र वितळलेला डाख दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसा वर ओढून घेतं. बाहेरून सांधा सुरेख, चकचकीत दिसतो. आत शेपटीचा तीन-चार मिलिमीटरचा भाग काडीसारखा ताठ झालेला असतो.

माझं नेमकं हेच झालं. गाडी सुरू केली, दिवा विझला, चार्जिंग 14.2 दाखवू लागलं. काही आठवड्यांनी एका थंड सकाळी दिवा पुन्हा मिणमिणला. रेग्युलेटर पुन्हा काढला आणि दोन्ही कार्बन बोटाने आत दाबून सोडले. एक टचकन बाहेर आला. दुसरा रेंगाळत आला आणि अर्ध्यात थांबला, कारण शेपटीचा ताठ भाग भोकाच्या कडेला अडत होता. स्प्रिंग नवी, कार्बन नवा, तरी रिंगेवर दाब नाही. या दोन कार्बनमधून रोटरला जाणारा प्रवाह जेमतेम काही अँपिअरचा असतो, पण तो तुटला की चुंबकत्व गेलं आणि अल्टरनेटर नुसता फिरत राहतो.

दुसऱ्या खेपेला भोकाजवळ लांब तोंडाच्या पकडीने शेपटी घट्ट धरली. उष्णता पकडीत गेली, डाख टोकालाच थांबला. पण त्याच वेळी स्प्रिंगचा जोर सांभाळत कार्बन योग्य लांबीवर बाहेर धरायचा, दोन्ही सारखे ठेवायचे आणि होल्डरचं प्लास्टिक वितळण्याआधी डाखाची इस्त्री उचलायची. हे जमतं, ज्यांचा हात डाखकामावर बसलाय त्यांना सहज जमेल. मला मात्र नंतर प्रत्येक थंड सकाळी नजर त्या दिव्याकडे जायची, आणि कामाबद्दलचा तो अविश्वास मला सगळ्यात जास्त खुपला.

म्हणून पुढच्या वेळी कार्बनसकट रेग्युलेटर आणला. बॉश पद्धतीच्या बऱ्याच अल्टरनेटरांत मागचं प्लास्टिक झाकण काढलं की दोन-तीन स्क्रूंवर तो अख्खा बाहेर येतो. जागा मोकळी असेल तर अल्टरनेटर गाडीतून उतरवावाही लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह मात्र आधी काढा, कारण अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना तिथून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. आणि कोणी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून चार्जिंग तपासायला सांगितलं तर ऐकू नका. त्या झटक्याने डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात.

या वाटेलाही खोच आहे. दिसायला सारखे दोन रेग्युलेटर आतून वेगळे असू शकतात, म्हणून जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा. इंजिनचा कॉम्प्युटर ज्यांत चार्जिंग ठरवतो अशा अलीकडच्या गाड्यांत तर हे फारच महत्त्वाचं. शिवाय मूळ कंपनीचा रेग्युलेटर वर्षानुवर्षं चांगला चाललेला असताना तो काढून स्वस्तातला अनोळखी बसवणं मलाही पटत नाही. तसा स्वस्तातलाच मिळत असेल तर सुटे कार्बनच बरे म्हणेन. डेन्सोच्या अनेक अल्टरनेटरांत ब्रश होल्डर रेग्युलेटरपासून वेगळा असतो आणि कार्बन बसवलेला तयार मिळतो. तुमचा तसा असेल तर हा सगळा पेचच सुटतो, तोच घ्या.

काहीही निवडलंत तरी रिंगा पुसल्याशिवाय मिटवू नका. बारीक पॉलिश पेपरची पट्टी रिंगेभोवती धरून रोटर हाताने फिरवला की काळा थर जातो आणि तांबं उजळतं. उघडलंच आहे तर दोन रिंगांमधला रोध मोजा. माझा 3 ओहमच्या आसपास होता, तेवढ्यावर मी निश्चिंत झालो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र मीटरने काहीच दाखवता कामा नये. ड्रिल मशिनचे कार्बन कानशीने घासून बसवणारे मी पाहिलेत. त्यांची जात वेगळी असते आणि रिंग तुमची जाते, तेव्हा ते टाळाच.

नवा रेग्युलेटर बसवल्यावर पहिल्या थोड्या अंतरात कार्बन रिंगेच्या गोलाईला बसतात, तेवढं सोडलं तर मला पुन्हा तिथे हात घालावा लागलेला नाही. एरवी बेल्ट बदलताना झाकण काढतो, स्क्रू सोडून कार्बनची लांबी बघतो आणि दोन्ही बोटाने दाबून सोडतो. 5 मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायचे, हा माझा हिशेब. गेल्या वेळी दोन्ही त्याच्या खूप वर होते आणि दोन्ही टचकन बाहेर आले.