एसडब्ल्यूआर १.१ आणि आकाशात शुकशुकाट

हौशी रेडिओच्या उपग्रहांमार्फत बोलण्यासाठी, 'उपग्रहासाठी खास' म्हणून विकला जाणारा दोन बँडचा यागी (एका दांड्यावर ओळीने काड्या बसवलेला, एका दिशेला रोखायचा) अँटेना मी ११,५०० रुपयांना घेतला. त्याच्या फीड पॉइंटच्या, म्हणजे केबल अँटेनाला जिथे जोडतात त्या जागेच्या, डबीत केबलची तार अँटेनाला जोडलेलीच नव्हती. ती येऊन दहा रेझिस्टरांवर संपत होती, म्हणजे पाठवलेली वीज उष्णता होऊन तिथेच जिरत होती. जुन्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींना एवढ्यावरून सगळं कळेल. पण हा माल अजून विकला जातोय आणि घेणारे बहुतेक नवे परवानाधारक आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळचा एचएफवाला, म्हणजे शॉर्टवेव्हवाला. गच्चीवर तारेचा डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेचा साधा अँटेना) आहे, त्यावर ४० आणि २० मीटरच्या बँडवर गप्पा चालतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइड या हॅम संपर्क-स्पर्धेचे ४८ तास आले की घरचे माझ्या नावाने पाणी सोडतात. तार बांधायची, एसडब्ल्यूआर (पाठवलेल्यातलं किती परत येतं त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) पाहायचा, जास्त असेल तर टोकं छाटायची, एवढी विद्या आजवर पुरली. उपग्रहासाठी १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा, हातात धरून फिरवता येईल असा अँटेना हवा होता. तो तयार घ्यायचं ठरवलं.

विक्रेता फोनवर अत्यंत अदबीने बोलला. "साहेब, मी हॅमसॅटच्या काळापासून अँटेना करतो." हे नाव त्याने उगाच घेतलं नव्हतं. हॅमसॅट हा भारताचा हौशी रेडिओचा उपग्रह ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने वर गेला, २०१४ पर्यंत चालला, आणि आपल्याकडच्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला उपग्रह-संपर्क त्याच्यावरच केला. ते नाव काढणारा माणूस आपल्यातलाच वाटतो. मग व्हिडिओ आला. मीटरचा काटा १.१ वर स्थिर, मागे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रिपीटरवरचे (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणाऱ्या सेटवरचे) आवाज स्वच्छ. आता पुन्हा पाहिला तर दिसतं की मीटर एका सेटला जोडलाय आणि आवाज देणारा सेट चित्रात कुठेच नाही.

अँटेना दिसायला देखणा होता. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, एन कनेक्टर, डबीला सिलिकॉनचं सील, वर २० मीटर केबल 'फ्री'. टेपने काड्या मोजल्या. ४३५ च्या एलिमेंट तेहतीस-चौतीस सेंटीमीटरच्या आगेमागे, १४५ च्या मीटरभर. मापं चोख. मीटर लावला तर १४५ ला १.१, ४३५ ला १.१. एवढं सरळ मीटर माझ्या डायपोलने कधी दाखवलं नव्हतं.

स्थानकाचा रिपीटर ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. तो चालू असला आणि पास, म्हणजे स्थानकाची फेरी, डोक्यावरून असला तर साध्या हँडीच्या (हातातल्या छोट्या सेटच्या) रबरी अँटेनावरसुद्धा येतो. गावातल्या एका मित्राला तो तसाच येत होता आणि त्याच पासला माझ्या यागीवर फक्त सूं-सूं. विक्रेत्याला कळवलं. पहिलं उत्तर: "साहेब, शहरात मोबाइल टॉवरचा नॉइज फार." दुसरं: "उपग्रह म्हातारे झालेत." तिसरं: "केबल लांब आहे, प्रीअँप लावा, माझ्याकडे आहे." हा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप त्याने ४,५०० ला दिला.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं, आणि हीच त्याची कला. नॉइज शहरात असतोच. उपग्रहही खरंच जुने आहेत: एओ-७ हा १९७४ चा, १९८१ मध्ये त्याची बॅटरी गेली आणि आता तो उन्हात असेल तेवढा वेळच बोलतो, एसओ-५० हा २००२ चा. लांब केबलला प्रीअँप लागतो हेही कुठल्याही पुस्तकात सापडेल. प्रीअँप तर ठणठणीत निघाला. रेझिस्टरचा नॉइज तो इमानेइतबारे वाढवून देत होता.

शेवटी आमच्याकडचे एक ज्येष्ठ हॅम आले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी नॅनोव्हीएनए (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना एसडब्ल्यूआर रेघेने दाखवणारं छोटं यंत्र) लावून ५० ते ५०० मेगाहर्ट्झ पाहिलं. रेघ जवळपास सपाट. "अरे, ही अँटेनाची रेघ नाही," काका म्हणाले. यागीचा एसडब्ल्यूआर त्याच्या फ्रिक्वेन्सीला खाली उतरतो आणि बाजूला सरकलं की चढतो. सगळीकडे सारखाच गोड वागणारा यागी नसतो. मग त्यांनी साधा मल्टिमीटर काढून कनेक्टरच्या मधल्या पिनेवर आणि बाहेरच्या कड्यावर टेकवला. ४७ ओहम. खऱ्या अँटेनावर तिथे एक तर जवळपास शून्य येतं, म्हणजे फोल्डेड डायपोल वगैरे. नाहीतर काहीच येत नाही, म्हणजे मधून तोडलेला डायपोल.

व्हिडिओ चालू ठेवून सील कापलं. आत ४७० ओहमचे, प्रत्येकी दोन वॅटचे दहा रेझिस्टर समांतर, गोल रांगेत. एकूण ४७ ओहम, २० वॅट. पन्नास भागिले सत्तेचाळीस केलं की १.०६ येतात. हँडीच्या पाच वॅटला ते जळणार नाहीत याचीही सोय. सोल्डरिंग इतकं सुबक, की तेवढ्या मेहनतीत खरा फीड पॉइंट झाला असता. मग असं का? खरा अँटेना ट्यून करायला वेळ जातो, प्रत्येकाचं मीटर थोडं इकडेतिकडे येतं आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. रेझिस्टर कधीच तक्रारीला जागा ठेवत नाही.

एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की पाठवलेल्यातलं किती परत आलं. ताट रिकामं परत आलं म्हणजे पाहुणा जेवला की सगळं मोरीत गेलं, हे ताटाला ठाऊक नसतं. 'फ्री' केबलचं गौडबंगालही इथेच आहे. ती आरजी-५८ या बारीक जातीची निघाली. ४३५ ला २० मीटरमध्ये ती जवळपास ७ डेसिबल खाते, म्हणजे पाचातले चार भाग वाटेतच. जाताना ७, परत येताना ७, म्हणून मीटरपर्यंत परत पोचतं फारच थोडं. तिच्या टोकाला काहीही न जोडता मीटर लावलात तरी तो १.५ च्या आसपास दाखवेल! म्हणून मीटर लांब केबलच्या खालच्या टोकाला लावून दाखवणाऱ्याला नमस्कार करावा आणि अँटेनाच्या तोंडाशी लावायला सांगावं. मल्टिमीटर सोबत न्यावा. मिनिटभर ट्रान्समिट करून डबीला हात लावावा. कोमट लागली तर वीज कुठे जातेय ते कळलं. एचएफवर मुद्दाम रेझिस्टर घातलेले ब्रॉडबँड अँटेना असतात, पण ते विकणारा तसं सांगून विकतो.

विक्रेत्याला विचारलं तेव्हा मेसेजवर उत्तर मिळालं, "साहेब, तो मॅचिंगचा भाग आहे." नंतर नंबर ब्लॉक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ, सील शाबूत असताना घेतलेलं ४७ ओहमचं रीडिंग, पैसे दिल्याची पावती आणि 'मॅचिंग'वाला मेसेज, असं सगळं जोडलंय. पैसे अजून आलेले नाहीत.

मूळ डबी पुरावा म्हणून कपाटात आहे. काकांनी त्याच काड्यांवर नवा फीड पॉइंट करून दिला. एसडब्ल्यूआर १.७ येतो, आणि स्थानक खणखणीत ऐकू येतं.

परवा एका नव्या मुलाने त्याच विक्रेत्याकडून घेतलेला अँटेना दाखवायला आणला. आता डबी आतून इपॉक्सीने पूर्ण भरून येते, 'वॉटरप्रूफ' म्हणून पाचशे रुपये जास्त. उघडायची सोय नाही. कनेक्टरवर मल्टिमीटर मात्र अजून ४७ च दाखवतो.