तापणारा स्टेअरिंग सर्व्हो: सेटिंग, बीईसी की नवा सर्व्हो?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा त्याचा १/१० मापाचा क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी, घेऊन आला. गच्चीवर दगड-विटा रचून पंधरा मिनिटं चालवला आणि गाडी उचलून माझ्यासमोर धरली. "मामा, इथे हात लाव." पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होच्या काळ्या डबीला बोट लावलं आणि तसंच मागे घेतलं. त्याच्या मोबाईलवर खरेदीची यादी तयारच होती: १० अँपिअरचा बाहेरचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर-सर्व्होला देणारं सर्किट) आणि ३५ किलोचा, म्हणजे ३५ किलो-सेंमी टॉर्कचा, ब्रशलेस सर्व्हो. "दोन्हीतलं काय मागवू?"

यादीत तिसरा पर्याय नव्हता, कारण तो दुकानात मिळत नाही. आहे त्याच सर्व्होचं सेटिंग आणि त्याच्यापुढचं लिंकेज (चाकांपर्यंत जाणारे दांडे-सांधे) नीट करणं, हा तो पर्याय. खाली या तिन्हींची तुलना केली आहे. माझा कल कुठे आहे ते पहिल्या काही ओळींतच कळेल, ते लपवत बसत नाही.

सर्व्होच्या आत एक छोटी मोटर, तिच्यापुढे गिअर आणि आपण कुठे आहोत हे सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. रिमोटने सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक असेपर्यंत सर्किट मोटरला वीज देत राहतं. चाक दगडाला टेकलंय की नकल (चाक धरून वळणारा सांधा) अॅक्सलच्या हाऊसिंगला, हे त्याला कळत नाही. मोटर फिरत असते तोवर विजेचा काही भाग कामी लागतो. ती अडून उभी राहिली की सगळ्या विजेची उष्णताच होते. आपल्याकडे रोबोटिक्सच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या एमजी९९६आर सर्व्होचं उदाहरण घ्या. ६ व्होल्टवर ११ किलो-सेंमी टॉर्क आणि अडल्यावर २.५ अँपिअर करंट, असे त्याचे आकडे छापलेले असतात. म्हणजे ५५ ग्रॅमच्या डबीत १५ वॉट. टेबलावरचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. स्टेअरिंग एका बाजूला दाबून धरून तुम्ही अर्धा मिनिट दगडाशी झुंजत असाल, तर आत काय होत असेल याचा अंदाज करा.

आता व्होल्टेज. इथेच बहुतेकांची खरेदी चुकते. अडलेल्या मोटरमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ वरून ७.४ व्होल्टवर गेलात तर दीडपट, ८.४ वर गेलात तर जवळजवळ दुप्पट. म्हणजे स्टेअरिंग टोकाला जाऊन अडत असेल आणि तुम्ही बीईसी लावून व्होल्टेज चढवलंत, तर आज तापणारा सर्व्हो उद्या जळेल. तो 'ताकदवान झाला' असं दोन-तीन दिवस वाटेल, हीच त्यातली गंमत.

म्हणून काही मागवण्याआधी दहा मिनिटं काढा. आम्ही गाडी उपड्या कुंडीवर ठेवली, म्हणजे चारही चाकं हवेत. रिमोट पूर्ण डावीकडे धरला. सर्व्होतून डास कानाशी गुणगुणावा तसा बारीक आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. उजवीकडे मात्र आवाज नाही. मग हॉर्नला (सर्व्होच्या वर फिरणाऱ्या आडव्या हाताला) लागलेला ड्रॅग लिंकचा (हॉर्नपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) स्क्रू काढला आणि लिंक लोंबती ठेवून पुन्हा डावीकडे वळवलं. हॉर्न सरळ पुढे गेला, थांबला, आवाज बंद. लिंक सुटलेलीच होती, तेव्हा दोन्ही चाकांना जोडणारा दांडाही सोडून चाकं एकेक करून हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली. उजवं चाक लोण्यासारखं फिरलं. डावं मध्येच जड लागलं.

एवढ्यातच बरंचसं कळलं. लिंक काढूनही सर्व्हो गुणगुणला किंवा तापला असता, तर खोट सर्व्होतच आहे असं समजायचं: गिअरचा दात गेलाय, पोटेन्शिओमीटर झिजलाय किंवा आत पाणी शिरलंय. तिथे नवा सर्व्हो हाच उपाय, पुढचं वाचायचीही गरज नाही. लिंक लावल्यावरच आवाज येत असेल तर सर्व्हो प्रामाणिक आहे, अडवणारं दुसरंच काही आहे. आणि चाकं हवेत असताना सगळं शांत, पण दगडावर गेल्यावर तापतो, असं असेल तर सर्व्होची ताकद किंवा त्याला मिळणारी वीज कमी पडते आहे. त्यातलं नेमकं काय, हे मल्टीमीटर सांगतो. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पिनांवर प्रोब धरा, गाडी खरखरीत फरशीवर ठेवा आणि जागच्या जागी स्टेअरिंग फिरवा. ६ चा आकडा ५.८ वर आला तर बीईसी ठीक आहे. ५ च्या खाली कोसळत असेल तर नाही.

पहिला पर्याय, म्हणजे सेटिंग आणि लिंकेज, फुकट आहे आणि म्हणूनच कोणी त्याला भाव देत नाही. भाच्याच्या गाडीत दोन गोष्टी निघाल्या. डाव्या नकलचे किंगपिन स्क्रू (ज्यांच्यावर नकल वळते ते) गच्च आवळले होते. पाव फेरा सैल केल्यावर चाक आपल्या वजनाने पडू लागलं. दुसरी गोष्ट हॉर्नची. रिमोटचा ट्रिम (स्टेअरिंगचा मध्य सरकवणारं बटण) मध्यावर असताना हॉर्न एक दात वाकडा बसला होता आणि ती चूक त्याने ट्रिमने झाकली होती. त्यामुळे डावीकडे सर्व्हो नकल टेकल्यावरही पुढे ढकलत राही आणि उजवीकडे आधीच थांबे. हॉर्न काढायचा, ट्रिम शून्यावर आणायचा, हॉर्न लिंकशी काटकोनात बसवायचा, उरलेला फरक सबट्रिमने (रिमोटमधल्या मध्याच्या बारीक सेटिंगने) किंवा लिंकच्या लांबीने घालवायचा. मग एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने त्या बाजूला कुठवर जायचं ती मर्यादा, अगदी कमी करून एकेक अंक वाढवत न्यायचा. नकल स्टॉपला टेकली की दोन अंक मागे यायचं. डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा.

इथे एक अडचण येते. बऱ्याच तयार गाड्यांसोबतच्या रिमोटवर एंड पॉइंट नसतोच, फक्त ड्युअल रेटचं एक बटण असतं आणि ते दोन्ही बाजू सारख्याच कमी करतं. सेंटर बरोबर असेल तर त्याने भागतं. नसेल तर एक बाजू वाचवायला दुसरीचं वळण गमवावं लागतं. अशा माणसाला मी सर्व्होऐवजी आधी एंड पॉइंट असलेला साधा रिमोट-रिसीव्हर घ्यायला सांगेन. हे ऐकून भाच्याने तोंड वाकडं केलं होतं. रिमोटवर खर्च केला की गाडी दिसायला तशीच राहते ना.

याच पर्यायात वजनही येतं. नकलवर पितळी वजनं, चाकात पितळी रिंगा, वरून मऊ चिकट टायर: दगडाला पकड जेवढी चांगली तेवढा सर्व्होवर भार. पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) लॉक असला की वळताना दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात आणि टायर घासत सरकतात, तो घासाही सर्व्होच ओढतो. टीआरएक्स-४ सारख्या गाडीत डिफरन्शियल रिमोटवरून उघडता येतो. सपाटीवर तो उघडा ठेवा. नाहीतर निदान चाक हलतं असताना वळवायची सवय लावा. फसलेल्या चाकावर स्टेअरिंग दाबून धरण्यापेक्षा बोटभर मागे येऊन वळवलं तर सर्व्होचा जीव वाचतो.

दुसरा पर्याय, बाहेरचा बीईसी. ईएससीच्या (गाडीच्या मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) पोटात जो बीईसी असतो तो तयार गाड्यांत बहुधा २-३ अँपिअरचा असतो. त्याच्यावर रिसीव्हर, स्टेअरिंग, डिफ लॉकचे छोटे सर्व्हो, गिअर बदलणारा सर्व्हो आणि हौसेने लावलेले दिवे, असं सगळं बिऱ्हाड. तो कमी पडतो तेव्हाची लक्षणं वेगळी असतात: वळवताना दिवे मंदावतात, स्टेअरिंग अर्ध्यावर रेंगाळतं, गाडी क्षणभर मरून पुन्हा जागी होते. ही लक्षणं असतील आणि मल्टीमीटरही तेच सांगत असेल तर बीईसी घ्या, पैसे कारणी लागतील. व्होल्टेज पडायचं थांबलं की सर्व्हो वळण झटकन पूर्ण करतो, त्यामुळे अडून राहण्याचा वेळ घटतो आणि तेवढ्यापुरता तापही कमी होतो. पण उष्णतेवरचं थेट औषध म्हणून बीईसी घेऊ नका. तेवढाच भार धरून ठेवायला मोटरला तेवढाच करंट लागतो, मग मागे ५ व्होल्ट असोत की ७.४.

घ्यायचाच तर तीन गोष्टी पाहा. '१० अँपिअर' हा आकडा बहुतेक वेळा क्षणभराचा असतो, सलग मिळणारा करंट त्याहून कमी. स्विचिंग प्रकारचा घ्या, कारण लिनिअर बीईसी ३एसच्या, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीच्या, ११.१ व्होल्टवरून ६ व्होल्ट करताना जवळजवळ निम्मी वीज स्वतःच तापण्यात घालवतो. आणि व्होल्टेज चढवण्यापूर्वी सर्व्हो व रिसीव्हर या दोघांच्या मर्यादा वाचा. सर्व्हो ७.४ चालवून घेतो म्हणून ७.४ लावलं आणि रिसीव्हर ६ वालाच होता, की गेला रिसीव्हर. मला पटणारी जोडणी अशी: बीईसीची पॉझिटिव्ह थेट सर्व्होला, रिसीव्हरकडून फक्त सिग्नल, निगेटिव्ह तिघांची एकत्र. बीईसी रिसीव्हरमार्गेच द्यायचा असेल तर ईएससीच्या प्लगमधली लाल वायरची पिन उचकटून टेप लावा. दोन बीईसी एकाच लाईनवर भांडायला सोडू नका.

तिसरा पर्याय, नवा सर्व्हो. इथे किलोचा आकडा सगळ्यांना दिसतो, तो किती व्होल्टवरचा हे कोणी वाचत नाही. '२५ किलो' हे ६.८ किंवा ७.४ व्होल्टवरचं असेल आणि तुमच्या गाडीत ५ च मिळत असतील तर ते किलो डबीवरच राहतील. गाडी साधारण अडीच-तीन किलोची, १.९ इंची रिम, दगडांवरचं काम: माझ्या हिशेबाने २० ते २५ किलो-सेंमी खरे मिळाले तर पुष्कळ. हॉर्नची लांबीही मोजा. २० किलो-सेंमीचा सर्व्हो २ सेंमीच्या हॉर्नवर १० किलो ओढतो, अडीच सेंमीच्या हॉर्नवर ८ च. लांब हॉर्न लावून वळण वाढवलं की ताकद निमूटपणे जाते.

मोटरचा प्रकार मात्र तापण्याच्या बाबतीत खरंच फरक पाडतो. कोअरलेस मोटरचा रोटर हलका, म्हणून ती चपळ. पण लोखंडी गाभा नसल्याने उष्णता मुरायला जागा कमी, अडली की वाइंडिंग भराभर तापतं. वेगाच्या गाडीत ती छान, क्रॉलरमध्ये मी टाळतो. ब्रशलेसमध्ये वाइंडिंग स्थिर भागावर असतं, त्यामुळे उष्णता अॅल्युमिनियमच्या केसमधून बाहेर पडते, आणि झिजायला ब्रश नसतात. हाच प्रकार क्रॉलरला मानवतो. किंमत कित्येक हजारांत जाते, एमजी९९६आर तीन-चारशे रुपयांत येतो, हेही खरं. मधल्या किमतीत अॅल्युमिनियमचा मधला भाग असलेला, मेटल गिअरचा साधा ब्रश्ड डिजिटल सर्व्हो मिळतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला तो पुरतो. काही प्रोग्रॅमेबल सर्व्होंमध्ये, हायटेकच्या डी मालिकेत उदाहरणार्थ, ओव्हरलोड संरक्षण ठरवता येतं: बराच वेळ अडला तर स्वतःच जोर कमी करतो. हॉर्न मागवताना दात मोजा, बहुतेकांचे २५, हायटेकच्या बऱ्याच सर्व्होंचे २४.

हाय व्होल्टेज सर्व्हो थेट बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर तो फक्त २एसवर, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीवर. ३एसची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते आणि ८.४ ची मर्यादा असलेल्या सर्व्होचा तिथेच निकाल लागतो. म्हणजे ३एस वापरणाऱ्याला नव्या सर्व्होसोबत बीईसीही आलाच, दोन्हींचा खर्च एकत्र धरा.

पंखा आणि चिकटवायचे हीटसिंक यांबद्दल एकच वाक्य: प्लास्टिकच्या डबीवर हीटसिंक म्हणजे रजईवर ओली फडकी. सर्व्हो सेव्हरची, म्हणजे झटका शोषणाऱ्या हॉर्नची, स्प्रिंग गिअर वाचवते, पण क्रॉलरचं वळण स्पंजासारखं होतं, म्हणून बहुतेक जण तो काढूनच टाकतात.

तर कोणी काय घ्यावं? चाकं हवेत असताना गुणगुण येत असेल आणि लिंक काढल्यावर ती थांबत असेल तर आधी एक रुपयाही खर्च करू नका, स्क्रू ड्रायव्हर घ्या. हवेत शांत पण मल्टीमीटर ५ च्या खाली, तर बीईसी, आणि व्होल्टेज सध्याच्या सर्व्होच्या मर्यादेतच ठेवा. मल्टीमीटर स्थिर, लिंकेज मोकळं, तरीही दगडावर हात लावता येत नाही इतका ताप, तर सर्व्हो लहान पडतोय, मोठा घ्या. पितळ लादून झालं असेल किंवा लादायचा बेत असेल, तर बीईसीवर पैसे न घालवता थेट २एसवर चालणारा ब्रशलेस सर्व्हो घेणं मला शहाणपणाचं वाटतं. ताप बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर तो भलतंच कमी दाखवतो. आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर मोजा.

भाच्याच्या गाडीवर टेप लावून मोजलं होतं: आधी ६८ अंश, हॉर्न आणि स्क्रू नीट केल्यावर तेवढ्याच वेळाच्या खेळानंतर ४६. त्याने बीईसी यादीतून काढला. ब्रशलेस सर्व्हो मात्र काढला नाही, "पुढच्या वाढदिवसाला," म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.