पन्नास हजारात गेमिंग: साधा लॅपटॉप घ्यावा का ग्राफिक्स कार्डवाला?

माझ्या मावसभावाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, काकांनी सोयाबीन विकून पन्नास हजार काढून ठेवले आणि तेव्हापासून त्याचा परभणीवरून रोज फोन, दादा कोणता घेऊ, व्हॅलोरंट चालंल का, जीटीए ५ चालंल का. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहायलोय, कारण ह्या बजेटमध्ये लई पोरं फसतात आणि घरून पैसे एकदाच मिळतात.

ह्या पैशात दोनच रस्ते दिसतात. एक, नवा लॅपटॉप ज्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम चालवायचा. दुसरा, जुना गेमिंग लॅपटॉप ज्यात जीटीएक्स १६५० नाहीतर आरटीएक्स २०५० सारखं ४ जीबीचं कार्ड असतं.

आधी नव्याचं सांगतो, कारण फसवणूक इथंच जास्त. मित्रासाठी लॅपटॉप घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणला ७००० सिरीज आहे, एकदम नवीन, गेमिंगला टॉप, आणि हातात दिला एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरवाला. घरी आणल्यावर कळलं की त्यात ४ कोर आणि ग्राफिक्सचे फक्त २ युनिट, आणि रॅम बोर्डलाच चिकटवलेली, म्हणजे पुढं वाढवायचा विषयच नाही. त्याच्याआधी २०२१ ला आलेल्या रायझन ५ ५५००यू मध्ये ६ कोर आणि ग्राफिक्सचे ७ युनिट आहेत. म्हणजे नंबर मोठा अन् ताकद कमी. ह्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन २ रचना, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. ७५३०यू ला ६ कोर आणि ७ युनिट ग्राफिक्स, मिळाला तर डोळे झाकून घ्या.

इंटेलमध्ये आय३-१२१५यू पेक्षा आय५-१२३५यू घ्यावा, पण त्यातबी एक मेख आहे. रॅमची एकच पट्टी असली की त्याचं ग्राफिक्स नुसतं यूएचडी म्हणून दिसतं, दोन पट्ट्या टाकल्या की तेच आयरिस एक्सई, म्हणजे जास्त ताकदीचं, होतं. कारण सरळ आहे, ह्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं, आणि एक पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता. माझ्या ५५००यू वर आधी ८ जीबीची एकच पट्टी होती, जीटीए ५ मध्ये सेटिंग नॉर्मलवर, गाडी जोरात पळवली की चित्र अडकायचं, ३५ ते ४० एफपीएस (म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, जास्त तेवढा गेम गुळगुळीत). तसलीच दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली, बाकी काहीच बदललं नाही, अन् त्याच रस्त्यावर ५५ च्या पुढं. म्हणून दुकानात लॅपटॉप चालू करायला लावा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथं जा आणि किती स्लॉट आहेत, किती वापरलेत ते स्वतःच्या डोळ्यानं बघा.

आता कार्डवाला. खरं सांगायचं तर ताकदीत साधा लॅपटॉप ह्याच्या जवळबी जात नाही. जीटीए ५ फुल एचडीला हाय सेटिंगवर ६० च्या वर सहज, काउंटर स्ट्राइक २ सुद्धा नीट चालतं, जे साध्या ग्राफिक्सवर रडतं. १६५० आणि २०५० मध्ये २०५० बरं, ताकद उन्नीस-बीस पण त्याला डीएलएसएस (एफपीएस वाढवायची सोय) मिळतं, १६५० ला नाही.

पण आपल्याकडचं वेगळं आहे. कार्डचा जोर चार्जर लावलेला असला तरच, बॅटरीवर एफपीएस निम्म्यावर येतात, आणि गावाकडं लाइटीचा भरवसा नाही. चार्जर १५० वॅटच्या आसपासचा, वजनाला विटेसारखा, तो होस्टेलला रोज वागवायचा. साध्याचा ६५ वॅटचा, घरच्या इन्व्हर्टरवरबी चालतो. आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत गेमिंग लॅपटॉप वीस मिनिटांत एवढा तापतो की ६० चे ३५ एफपीएस होतात. गादीवर तर ठेवूच नका, खालची जाळी बंद होते, मागच्या बाजूला बाटलीची दोन टोपणं लावली तरी फरक पडतो. जुना घेत असाल तर मालकासमोर अर्धा तास गेम चालवून बघा, फॅनमध्ये धूळ अन् प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट वाळलेली असली तर तिथंच कळतं, बॅटरीचं आयुष्यबी विचारा.

व्हॅलोरंटसाठी तर कार्डची गरजच नाही, दोन पट्ट्यांवर लो सेटिंगला १०० एफपीएसच्या आसपास मिळतात. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (लॅपटॉपच्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू लागतं एवढं बघा. सर्व्हर मुंबईला आहे, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) खराब आली तर लॅपटॉपला दोष देऊ नका, आधी हॉटस्पॉट सोडून वायरवर या.

भावाला मी ७५३०यू च घ्यायला लावला, कारण त्याला चार वर्षं कोडिंग, कॉलेजला नेणं-आणणं आणि संध्याकाळी मित्रांसोबत व्हॅलोरंट एवढंच करायचंय. दुसरी पट्टी आम्ही दोघांनी मिळून घरीच टाकली, मागचे स्क्रू काढताना काका शेजारी बसून बघत होते, पुन्हा बसतंय ना रे नीट म्हणून दोनदा विचारलं. तुमचं खेळणं जर रोजचं जीटीए किंवा त्याहून जड असंल, आणि लॅपटॉप एकाच टेबलावर, एकाच प्लगला राहणार असंल, तर मात्र कार्डवालाच बघा, साध्यावर तुमचं भागणार नाही.