प्लॉटर कुठे बसवायचा: भिंतीवर, दारात की चार्ट टेबलावर?

शिडाची बोट हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो प्लॉटरचा, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या स्क्रीनचा: "प्लॉटर सात इंची घेऊ की नऊ इंची?" मला वाटतं, हा प्रश्न दुसरा असायला हवा. रात्री दोन वाजता, बोट एका कुशीवर कललेली, डावा हात टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर), अशा वेळी तुमची नजर आणि मोकळा हात कुठे असणार, हे आधी ठरवा. आकार, कंपनी, नकाशे यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

हे सगळं मी एका ठरावीक बोटीला समोर ठेवून लिहितोय. २६ ते ३० फूट लांबी, चाक नसून टिलर, बारा व्होल्टची बॅटरी, मुंबई बंदर ते मांडवा-अलिबाग अशा शनिवार-रविवारच्या फेऱ्या आणि वर्षातून एकदा गोवा. ४० फुटी बोट असेल आणि पेडेस्टलवर (उभ्या खांबावर) चाक असेल, तर तुमचं काम सोपं आहे. चाकाच्या पुढच्या नळीवर पॉड (प्लॉटरचा खोका) बसवा आणि होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं, ते मॅन्युअलमध्ये बघून मोजा. तेवढं पुरे.

तीन जागा

पहिली जागा म्हणजे केबिनची बाहेरची भिंत, दाराच्या शेजारी. माझ्या बोटीवर मी सुरुवातीला तिथेच बसवला. भोक पाडलं, सीलंट लावलं, दिसायला एकदम नेटकं. पहिल्याच सफरीत कळलं की बसायला आलेला माणूस नेमका त्याच भिंतीला पाठ टेकतो, कारण कॉकपिटमधली, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या भागातली, ती सगळ्यात आरामाची जागा. "जरा सरक, खोली बघायची आहे" हे वाक्य त्या दिवशी किती वेळा म्हणालो याची गणती नाही. एकटेच शीड हाकणार असाल, तर ही जागा चांगली: मजबूत, वायर छोटी, काही हलत नाही. माणसं घेऊन जाणार असाल, तर नको. पुढे मी ते भोक प्लायवुड आणि इपॉक्सीने बुजवलं.

दुसरी जागा म्हणजे दारातच, फिरत्या आर्मवर. बिजागरीवरचा हा आर्म बाहेर काढला की प्लॉटर कॉकपिटकडे तोंड करतो, आत वळवला की चार्ट टेबलाकडे, म्हणजे केबिनमधल्या नकाशे पसरायच्या टेबलाकडे. बोट मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयावर) सोडून जाताना स्क्रीन आत जातो आणि दाराला कुलूप लागतं, हा मोठा दिलासा. अडचणी दोन. आत-बाहेर करताना गुडघा किंवा खांदा आर्मला लागतो, म्हणून आर्म जाड अॅल्युमिनियमचा घ्या आणि बोल्टच्या मागे आतून प्लेट द्या, नुसत्या स्क्रूवर टांगू नका. दुसरी अडचण अशी की लाटा उडायला लागल्या की दाराच्या फळ्या लावाव्या लागतात. फळी लावल्यावर आर्म बाहेर राहू शकतो का, हे दारात उभं राहून आधी तपासा.

तिसरी जागा चार्ट टेबल. कोरडी, सावलीची, वायरिंगला सगळ्यात सोपी. लांबच्या सफरीत मार्ग आखायला हीच जागा हवी. पण आपल्या किनाऱ्यावर फक्त तिथे स्क्रीन ठेवून चालत नाही. उत्तर कोकणात डोल जाळी (खुंटांना बांधलेली मासेमारीची जाळी) उभी असतात. त्यांचे खुंट, प्लॅस्टिकचे डबे, काळी फडकी लावलेल्या काठ्या कुठल्याही नकाशावर नसतात, आणि बहुतेक छोट्या होड्या एआयएसवरही (जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेवरही) दिसत नाहीत. थळच्या पुढे पहाटे एकदा मी खाली नकाशा बघून वर आलो, तर बोटीच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) दहा-बारा हातांवर एक डबा तरंगत होता आणि त्याची दोरी ताणलेली होती. टिलर लोटला, दोरी बाजूने गेली. पाण्यावर नजर ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल तोच स्क्रीन कामाचा, हे मी तेव्हापासून धरून चाललोय.

म्हणून माझं मत दाराच्या बाजूने आहे. पण त्यात एक मेख आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टिलर धरून बसलेल्या माणसापासून दार दीड-दोन मीटर लांब असतं. तिथून सात इंची स्क्रीनवर नकाशातले खोलीचे आकडे वाचता येत नाहीत, आणि हात तर पोचतच नाही. इथेच सात आणि नऊचा प्रश्न खरा उभा राहतो. दारात बसवणार असाल तर नऊ घ्या, भिंतीवर हाताशी बसवणार असाल तर सात पुष्कळ. शिवाय नकाशाच्या पानासोबत आणखी एक पान तयार ठेवा, ज्यावर फक्त तीन मोठे आकडे असतील: खोली, वेग, दिशा. दोन मीटरवरून तेच वाचायचं असतं.

प्लॉटर, टॅब्लेट की छोटा संगणक

टॅब्लेटचा मोह मला समजतो. घरात आधीच पडलेला असतो, नकाशाचं अॅप प्लॉटरपेक्षा कितीतरी स्वस्त आणि स्क्रीन देखणा. दोन गोष्टी आधी बघा. आयपॅड असेल तर सिमकार्डाचं मॉडेलच हवं. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. आणि उष्णता. अॅपल आयपॅडसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी कॉकपिटमध्ये उन्हात पडलेल्या काळ्या काचेचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. माझा टॅब्लेट, दुसऱ्या एका कंपनीचा, खांदेरीच्या बाहेर असा तापून बंद पडला आणि सावलीत नेऊन थंड होईपर्यंत अर्धा तास गेला. वॉटरप्रूफ कव्हरमध्ये घातला की तो आणखी तापतो.

उजेडाचंही तसंच. टॅब्लेटचा प्रकाश साधारण ५०० निट्सच्या (उजेडाचं एकक) घरात असतो, बोटीसाठी बनवलेल्या स्क्रीनचा १००० किंवा त्याहून जास्त. भर दुपारी हा फरक म्हणजे दिसणं आणि न दिसणं. जाता जाता एक छोटी सूचना: पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन उभा-आडवा फिरवून बघा, काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळे होतात.

आणि पाणी. खाऱ्या पाण्याचे चार थेंब टचस्क्रीनवर पडले की ती त्यांनाच बोटं समजते. नकाशा आपोआप सरकतो, झूम होतो. म्हणून फिक्स प्लॉटर घेतानासुद्धा बटणं किंवा फिरवायची खुंटी असलेला घ्या. आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल अशी चाचणी झालेली असते. पण ती यंत्र वाचण्याची हमी आहे, ओल्या स्क्रीनवर हाताचं बोट नीट चालण्याची नाही.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. मासेमारीच्या ट्रॉलरवर फुरुनो वर्षानुवर्षं दिसतं. शिडाच्या बोटींसाठी बी अँड जीचं नाव घेतलं जातं, आणि रेमरीन, गार्मिनमध्येही शिडाच्या सोयी मिळतात. त्यातली लेलाइन, म्हणजे कुठे वळलं की थेट मुक्कामाला पोचता येईल ते दाखवणारी रेषा, मला मोलाची वाटते. गोव्याहून परतताना दुपारी वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर येतो आणि टॅक मारत मारतच, म्हणजे वाऱ्याला तिरकं नागमोडी जातच, वर यावं लागतं. पहाटे मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं, आणि दुपारी किनाऱ्याकडे जाणारा टॅक कधी सोडायचा ते ही रेषा दाखवते. मात्र त्यासाठी डोलकाठीवर वाऱ्याचा सेन्सर हवा. तो बसवणार नसाल, तर या सोयीसाठी जादा पैसे मोजू नका.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ओपनसीपीएन हे मोफत सॉफ्टवेअर चालवणं, हा तिसरा मार्ग. ज्यांना वायर, सेटिंग, सॉफ्टवेअर यांत रस आहे त्यांना तो मनापासून आवडेल. चार्ट टेबलावर त्याच्याइतकं मोकळेपणाने मार्ग आखता येणारं दुसरं साधन मी वापरलेलं नाही. पण त्याला नीट स्थिर पाच व्होल्ट लागतात, आणि इंजिन सुरू करताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो. त्या क्षणी तो बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि असं वारंवार झालं की मेमरी कार्ड बिघडू शकतं. चांगला डीसी-डीसी कन्व्हर्टर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) लावल्याशिवाय हा मार्ग धरू नका. कॉकपिटसाठी उन्हात दिसणारा, पाणी झेलणारा स्क्रीन वेगळा घ्यायला गेलात, तर प्लॉटरपेक्षा फार स्वस्त पडत नाही.

तेव्हा माझी निवड: दारात आर्मवर बटणांचा नऊ इंची प्लॉटर, आणि टॅब्लेट किंवा फोन आत, कोरडा, चार्ज केलेला, त्यात नकाशे आधीच उतरवून ठेवलेले. हल्लीचे बरेच प्लॉटर वाय-फायवरून आपला स्क्रीन टॅब्लेटवर दाखवतात, म्हणजे आत बसलेल्यालाही तेच चित्र दिसतं. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर सात इंची प्लॉटर घ्या आणि फोन राखीव ठेवा. टॅब्लेट मुख्य आणि राखीव काहीच नाही, ही जोडी मी कोणालाच सुचवणार नाही.

वीज आणि वायर

शीड असलं की इंजिन तासन्‌तास बंद असतं, म्हणून आकडा महत्त्वाचा. नऊ इंची प्लॉटर साधारण दीड अँपिअर घेतो असं धरा. गोव्यापर्यंत दोन रात्री गेल्या, तर पन्नास तासांत ७५ अँपिअर-तास फक्त त्याचेच. दिवे आणि व्हीएचएफ रेडिओ वेगळे. शंभर अँपिअर-तासांच्या एका लेड-अॅसिड बॅटरीवर हे भागणार नाही. सोलर पॅनल किंवा दुसरी बॅटरी हिशेबात धरा.

पॅनलपासून दारापर्यंत सहा मीटर वायर असेल, तर जाऊन-येऊन बारा मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दीड अँपिअरला सुमारे ०.२ व्होल्ट पडतात, ते चालतं. पाऊण चौरस मिलिमीटरची घातलीत तर ०.४ व्होल्ट पडतात, आणि इंजिन सुरू करताना स्क्रीन बंद पडायची शक्यता वाढते. कलई केलेली वायरच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडत जातं.

खोलीचा आणि वाऱ्याचा सेन्सर एनएमईए २००० वर (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडायच्या केबल-पद्धतीवर) जोडणार असाल, तर मुख्य केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाचा रोधक) लागतो. वीज बंद करून दोन सिग्नल वायरींमध्ये मल्टिमीटर लावा. साठ ओहम आले तर ठीक, १२० आले तर एक टर्मिनेटर राहिलाय किंवा केबल कुठेतरी तुटलीय.

सुरू केल्यावर

इथे प्लॉटर, टॅब्लेट, संगणक सगळे सारखेच. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस नावाच्या खडकांवर आदळली. नऊही खलाशी वाचले. इलेक्ट्रॉनिक नकाशा होता, पण झूम कमी असताना त्या खडकांचा धोका त्यावर नीट दिसत नव्हता. नकाशा लांबून बघताना बारीक तपशील गाळायचा, अशीच या नकाशांची रचना असते. म्हणून मार्ग आखल्यावर त्याच्या पूर्ण लांबीवरून जवळच्या झूमने एकदा हाताचं बोट फिरवा. चौल कडूचा खडक तुमच्या झूमवर दिसतोय की नाही, हे घरी बसूनच तपासता येतं.

सुरक्षित खोलीचा आकडा कारखान्यातून येतो तसाच ठेवू नका. कीलची (बोटीच्या तळाच्या, पाण्यात सगळ्यात खोल जाणाऱ्या पात्याची) खोली अधिक निदान एक मीटर असा घाला. नकाशावरचा आकडा खालच्यातल्या खालच्या ओहोटीचा असतो, आणि मुंबई बंदरात उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढ-उतरतं. भरतीचा तक्ता शेजारी हवाच. एकक मीटर ठेवा. बरोबरचा तांडेल वावांत बोलला तर एक वाव म्हणजे १.८३ मीटर. रात्रीचा लाल किंवा काळा रंग एका बटणावर आणून ठेवा. टॅब्लेटचा पांढरा उजेड डोळ्यांवर पडला की काळोखाला सरावलेली नजर परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

विकत घ्यायच्या आधी पुठ्ठा कापा. प्लॉटरच्या मापाचा, मागच्या जाडीसकट. तो चिकटपट्टीने दारात लावा आणि दोन फेऱ्या करा, त्यातली एक अंधारात, सोबत दोन माणसं असताना. कोणाची पाठ टेकते, कोणाचा गुडघा लागतो, शिडाची शीट (ओढायची दोरी) कुठून घासते, सगळं दिसेल. हे मार्च-एप्रिलमध्ये उरकलंत, तर पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना भोकं पाडायची आणि वायर ओढायची, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की पहिली फेरी.