बुकिंग खरं होतं, म्हणूनच फसलो

इटलीतल्या ला मोर्रा गावच्या हॉटेलातली काउंटरवरची मुलगी बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत राहिली. आमच्या व्हाउचरवरचा नंबर तिने दुसऱ्यांदा टाकून पाहिला आणि म्हणाली, "हे बुकिंग होतं. 11 ऑगस्टला रद्द झालंय."

तारीख 2 सप्टेंबर 2024, संध्याकाळचे साडेसात. मी, आमच्या सौ., धाकटा भाऊ आणि त्याची बायको असे चौघे मुंबईहून निघून, मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरून, दोन-अडीच तास गाडी चालवून तिथे पोहोचलो होतो. बाहेर समोरच्या टेकड्यांवर नजर जाईल तिथवर द्राक्षबागा होत्या. ज्यासाठी आलो ते डोळ्यांसमोर होतं आणि रात्री डोकं टेकायला जागा नव्हती.

दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे. त्यातल्या चार एकरांवरची शिराझ आणि काबर्ने ही वाइनची द्राक्षं वायनरीला करारावर जातात. बारोलोचं नाव वीस वर्षांपासून ऐकत होतो. ला मोर्रा धरून अकरा गावांच्या शिवारात होणारी, फक्त नेब्बिओलो द्राक्षाची वाइन. किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडी पिंपात. 2014 साली हा सगळा लांगेचा डोंगराळ पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ठरवलं की ऑक्टोबर छाटणीच्या आधी एकदा जाऊन यायचं, आणि हात आखडता घ्यायचा नाही. बारोलो, मग कोमो सरोवर, मग गार्डा सरोवर. आठ रात्री, मोठी गाडी, चांगली हॉटेलं.

ज्याच्याकडे काम दिलं तो नाशिकमधलाच तरुण ट्रॅव्हल एजंट. आदल्या वर्षी त्याने आम्हाला केरळला पाठवलं होतं. 85 हजारांची सहल, एका रुपयाचाही घोळ नाही. "भाऊ, तुम्ही फक्त बॅगा भरा," हे त्याचं नेहमीचं वाक्य. आज मागे वळून बघतो तेव्हा द्राक्षाचा पळून जाणारा व्यापारी आठवतो. तोही पहिल्या दोन गाड्यांचे पैसे बांधावर मोजून देतो. आपला विश्वास बसला की शेवटचा मोठा माल उधारीवर उचलतो आणि फोन बंद करतो. आमच्या भागात या प्रकाराने घरं बसली आहेत. तो धडा मला पाठ होता, पण शेताबाहेर तो लागू होतो हे सुचलं नाही.

विमानाची तिकिटं सोडून रक्कम ठरली 11 लाख 60 हजार. त्यातले एक लाख साठ हजार मी क्रेडिट कार्डाने भरले. उरलेल्या दहा लाखांसाठी त्याने दोन वेगवेगळ्या व्यक्तींची बचत खाती दिली. म्हणाला, "असं केलं की टीसीएस लागत नाही, तुमचेच पैसे वाचतील." टीसीएस म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर. त्या वर्षी परदेशी पॅकेजवर माणशी सात लाखांपर्यंत तो पाच टक्के होता. तो विक्रेत्याने गोळा करून ग्राहकाच्या पॅनवर भरायचा असतो, आयकर खात्याकडच्या ग्राहकाच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. म्हणजे वाचण्यासारखं काही नव्हतंच. टीसीएस भरला असता तर विकलेल्या पॅकेजची नोंद सरकारदरबारी राहिली असती, आणि त्याला नेमकी तीच नको होती. कंपनीचं पॅकेज घेऊन पैसे माणसाच्या खात्यात मागितले, तर तिथेच उठून यावं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आम्ही आंधळेपणाने गेलो नव्हतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने जूनमध्ये तिन्ही हॉटेलांना मेल पाठवून विचारलं होतं, "बाबांच्या नावाने बुकिंग आहे का?" तिन्हीकडून उत्तर आलं : आहे, कन्फर्म आहे. आम्ही निर्धास्त झालो. ते उत्तर खोटं नव्हतं. बुकिंग खरोखरच होतं. पण एक पैसा न भरता केलेलं, ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येणारं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, तोही त्याच बुकिंगचा जोडला. जुलैअखेर व्हिसा हातात आला. रद्द करण्याची मुदत संपायच्या दिवशी, 11 ऑगस्टला, त्याने तिन्ही बुकिंगं रद्द केली. रद्द झाल्याचा मेल ज्याने बुकिंग केलं त्याला जातो. तो त्याच्याच पत्त्यावर गेला. आमच्या हातात चकचकीत छापलेली व्हाउचरं तशीच राहिली.

खरं तर पहिला इशारा दुपारीच मिळाला होता. मालपेन्साच्या काउंटरवर गाडीचं आरक्षण सापडलं, पण भाडं भरलेलं नव्हतं : 2,400 युरो. शिवाय 3,000 युरो अनामत म्हणून कार्डावर अडकवून ठेवायचे. ती अनामत गाडी चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर लागते. आमचं आधी युरो भरून नेलेलं फॉरेक्स कार्ड त्यांनी त्यासाठी घेतलं नाही. माझ्या कार्डाची मर्यादा तीन लाख. मी एजंटला फोन लावला, त्याने उचलला. "भाऊ, सिस्टिमचा घोळ झालाय, तुम्ही आत्ता भरा, दोन दिवसांत खात्यावर टाकतो." मग 780 युरोची साधी छोटी गाडी घेतली, तिची अनामत 1,200. (मशीन रुपयांत पैसे घेऊ का असं विचारतं. नेहमी युरोच निवडा, रुपयाचा दर ते स्वतःच्या फायद्याचा लावतात.) चार माणसं आणि मांडीवर बॅगा, असे निघालो. त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही.

काउंटरवरच्या त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. तिच्याकडे खोली शिल्लक नव्हती, सप्टेंबरात तिथे सगळंच भरलेलं असतं. पण तिने स्वतः कोमो आणि गार्डाच्या हॉटेलांना फोन केले. दोन्हीकडे तेच उत्तर : 11 ऑगस्टला रद्द. मग आसपास चौकशी करून शेजारच्या गावात एका शेतकरी कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या मिळवून दिल्या. निघताना बुकिंग कधी झालं, कधी रद्द झालं आणि त्यावर एकही युरो आकारलेला नाही, याचा कागद छापून, सही-शिक्का करून माझ्या हातात दिला. पुढे सगळं त्या एका कागदावर उभं राहिलं.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन येत नाही. सकाळी मी बांधावर उकिडवा बसून माती हातात घेतली तशा त्या बाहेर आल्या. पांढरट, चुनखडीची माती. आपल्याकडे अशा जमिनीत पानं पिवळी पडतात म्हणून आपण खुंट, म्हणजे ज्यावर कलम करतो ते मूळ, बदलतो. तिथे त्याच मातीवर नेब्बिओलोचं नाव आहे. मी बोटांनी कात्रीची खूण केली, त्यांनी वेल धरून दाखवला : एकच लांब काडी ठेवायची, तारेला आडवी बांधायची, आठ-दहा डोळे मोजायचे. मांडव नाही, खोड कमरेएवढं. घड रंगले होते, तोडणी ऑक्टोबरात. त्या अर्ध्या तासात मी सगळं विसरलो होतो.

बारोलोचा घोट मात्र घेतला नाही. पॅकेजमध्ये दोन दिवस चालक ठरलेला होता, कारण इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅमच्या वर दारू सापडली की दंड, आणि डोंगरातले रस्ते वळणावळणाचे. चालक आलाच नाही. ज्या तळघरात आमच्यासाठी खास चव घेण्याचा कार्यक्रम ठेवल्याचा कागद होता, तिथे आमचं नावही कुणाला माहीत नव्हतं. आंतरराष्ट्रीय परवाना फक्त माझ्याकडे, त्यामुळे बाकीच्यांनी चाखली, मी पेला नाकाशी धरून वास घेतला आणि खाली ठेवला. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं हातातून गेलं. पैशांपेक्षा त्याचा राग मला जास्त आहे.

पुढचे दिवस जागा शोधण्यात गेले. कोमोच्या काठावरची नावाजलेली गावं परवडली नाहीत, लेक्कोला राहिलो आणि आगगाडीने वारेन्ना, तिथून बोटीने बेलाज्जो पाहिलं. गार्डाच्या पूर्वेला वाल्पोलिचेल्ला भागात अमारोने या वाइनसाठी द्राक्षं सुकवायच्या माड्या पाहिल्या, तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडची आठवण झाली. त्या तेव्हा रिकाम्या होत्या. वेरोनात कॅमेऱ्याच्या पहाऱ्यातल्या, बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात चुकून शिरलो, त्याचा दंड काही महिन्यांनी दिंडोरीला आला. ती चूक माझी. खोल्या आणि गाडी मिळून पावणेतीन लाख वरखर्च झाला.

परतलो तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. दोन दिवसांनी तो भेटला आणि हॉटेलांनीच परस्पर रद्द केलं म्हणाला. पोलीस ठाण्यात आधी "हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे" असं ऐकवलं. तो सही-शिक्क्याचा कागद पुढे ठेवला तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर मी परत आल्यावर फोन केला. पहिल्याच रात्री ला मोर्रातून लेकीला सांगून करवायला हवा होता, कारण खात्यांतले पैसे तोवर पुढे सरकले होते. कार्डाने भरलेले एक लाख साठ हजार परत आले. सेवा मिळालीच नाही, अशी लेखी हरकत मुदतीत बँकेकडे घेतली, सोबत तोच कागद जोडला. दहा लाखांतलं अजून काही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, एजंट दिल्लीचा असला तरी.

तेव्हा हॉटेलला मेल करताना "बुकिंग आहे का" एवढंच विचारून थांबू नका. पैसे भरलेत का, कुणी भरलेत, फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख कोणती, आणि रद्द झालं तर मेल माझ्याही पत्त्यावर येईल का, हे विचारा. गाडीच्या कंपनीलाही तेच. आणि रद्द करण्याची मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तोवर एजंटचा शेवटचा हप्ता देऊ नका. जो प्रामाणिक आहे त्याला यात अडचण नसते.

गेल्या आठवड्यात शेजारचा बागायतदार स्वित्झर्लंडची व्हाउचरं घेऊन आमच्या ओट्यावर आला. लेकीने तिथूनच हॉटेलला फोन लावला. बुकिंग आहे, पैसे भरलेले नाहीत, 20 तारखेपर्यंत रद्द करता येतं. हप्ता त्याने थांबवला आहे. 21 ला सकाळी आम्ही पुन्हा फोन करणार आहोत.