पर्ल हार्बरची सहल: व्यवस्था चोख, निवेदन उथळ

होनोलुलूहून घेतलेल्या या सहलीची व्यवस्था चोख होती. बुडालेल्या ‘ॲरिझोना’ या अमेरिकी युद्धनौकेतून आजही वर येणारे तेलाचे थेंब निवांत पाहता आले. निवेदनाने मात्र निराशा केली. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रूझवेल्ट यांना पर्ल हार्बरच्या नौदल तळावरील जपानी हल्ल्याची आधीच कल्पना होती, हा सिद्ध न झालेला तर्क मार्गदर्शकाने तिखटमीठ लावून सांगितला. परंतु ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी ओपाना येथील रडारवर दिसलेली विमाने आपलीच बी-१७ बॉम्बफेकी विमाने असावीत, असे समजून अमेरिकी लेफ्टनंट टायलर यांनी ती सूचना बाजूला सारली, हा प्रसंग त्याने एका वाक्यात उरकला. वॉशिंग्टनहून लष्करप्रमुख मार्शल यांनी पाठवलेला इशारा व्यापारी तारसेवेने हल्ल्यानंतर पोहोचला आणि खापर हवाईतील नौदल व लष्कराचे सेनाधिकारी किमेल व शॉर्ट यांच्यावर फुटले, याचा तर उल्लेखही नाही. स्मारकापर्यंतची बोटफेरी मुळात विनामूल्य असते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते निवेदनाचेच.